तीस शब्द बरोबर होते

अमरावतीच्या कोर्टात मी भाषांतरकार आहे. साक्षीदार मराठीत बोलतो, अर्ज मराठीत येतो, आणि कागद दिल्लीला किंवा देशाबाहेर जायचा असला की तो इंग्रजीत लागतो. ते काम माझं. दिवसाला सात पानं होतात. सातच्या वर गेलो की चुका वाढतात, हे मी पहिल्या दोन वर्षांत टाचण ठेवून पाहिलं आहे, म्हणून सातवं पान संपलं की मी चष्मा काढून ठेवतो. बायको म्हणते, मी घरी पालक आणतो तोसुद्धा पेंडीतल्या काड्या मोजून. त्यात फारसं खोटं नाही.

बाहेरच्यांना वाटतं, डिक्शनरी उघडायची आणि लिहायचं, यात काय एवढं! त्यांच्यासाठी एक उदाहरण. एका म्हातारीने साक्षीत सांगितलं, "थो माह्या दारात शिव्या देऊन राहिला होता." म्हणजे देत होता. आमच्या वऱ्हाडात क्रिया चालू आहे हे असंच सांगतात. पुण्याहून आलेल्या वकीलसाहेबांनी अर्थ लावला, की तो शिव्या देऊन मग तिथेच राहिला. उलटतपासणीत त्यांनी म्हातारीला विचारलं, किती दिवस राहिला, कुठे झोपला, जेवण कोणी दिलं. म्हातारी शेवटी न्यायाधीशांकडे वळली. "साहेब, या वकिलाले घरी कोनी शिव्या देत नाई काय? याले समजूनच नाई राहिलं!"

कोर्टात लागण्याआधी मी अकोल्यात खाजगी भाषांतरं करत असे. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एका शिवणयंत्राच्या दुकानावर माझी खोली होती. परदेशी जाणाऱ्या मुलांचे दाखले जास्त यायचे. एकदा एक गृहस्थ मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले. त्यावर शेरा होता, 'वर्तणूक बरी'. त्यांना 'उत्तम' हवं होतं.

"बरी म्हणजे बरी," मी म्हणालो.

"अमेरिकेतल्या लोकाले काय समजते बरी?"

"मला समजते ना."

ते दाखला घेऊन दुसरीकडे गेले आणि मी दिवसभर खुशीत होतो. माझा नियम तेव्हा भिंतीवरच लावलेला होता: पदरचा एक शब्द घालणार नाही, समोरचा एक शब्द गाळणार नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता. पुढची हकीकत त्याच नियमाची आहे.

त्याच खोलीत एके दिवशी एका वकिलाचा मुन्शी झेरॉक्स केलेला अर्धा कागद घेऊन आला. आंतरदेशीय पत्राचा खालचा भाग. वरचा फाटलेला. ओळी पाच, शब्द तीस:

'दिवाळी झाली का बार उडवून देतो. भास्कर असला तं त्याच्या समोर, नसला तं त्याच्या माघारी. सारे सोयरे तयार हायेत. तुमी फक्त मांगं उभे राहा. एकदाचा बार उडाला का मी मोकळा.'

मी विचारलं, "वरचा भाग कुठे आहे?"

"एवढंच पाह्यजे," मुन्शी म्हणाला. "केसचं काम हाय."

माझ्या मनात काहीतरी टोचलं होतं, हे मी नाकारत नाही. पण अर्थ सांगणं वकिलाचं काम आणि शब्द देणं माझं, असं म्हणून मी लिहायला बसलो. बार म्हणजे शॉट, उडवणे म्हणजे फायर करणे. माघारी म्हणजे पाठीमागे. मोकळा म्हणजे फ्री. वीस मिनिटांत काम झालं. खाली 'खरे आणि मुळाबरहुकूम भाषांतर' असं प्रमाणपत्र, सही, गोल शिक्का. मुन्शी गेला आणि तो कागद मी विसरलो.

पुढे काही वर्षांनी मी अमरावतीच्या कोर्टात लागलो. आणि तिथे भास्कर नावाच्या माणसाची फाईल माझ्या टेबलावर आली.

हा भास्कर चांदूर रेल्वेकडचा. अकरा शेतकऱ्यांच्या खोट्या सह्या आणि अंगठे करून त्याने त्यांची वावरं परस्पर विकली होती. अकरांमध्ये त्याचा सख्खा मेहुणाही होता, बहिणीचा नवरा, मारोतराव. खटल्यातला मुख्य साक्षीदार तोच. भास्करला सात वर्षांची शिक्षा झाली. अपिलात तो जामिनावर सुटला, अपील फेटाळलं गेलं, आणि शिक्षा भोगायला हजर व्हायच्या दिवशी तो युरोपातल्या एका देशात पोचलेला निघाला. तिथे त्याने आश्रय मागितला आणि त्याला तो मिळाला. आश्रय म्हणजे, मायदेशी परत गेलो तर माझा जीव जाईल असं पटवून दिलं की तो देश माणसाला ठेवून घेतो.

अशा माणसाला परत मागण्याला प्रत्यार्पण म्हणतात. ऐकायला मोठं वाटतं, पण निम्मं काम कागदांचं असतं. निकालाची प्रमाणित प्रत, वॉरंट, कायद्याची कलमं, शिक्षा किती भोगली आणि किती उरली याचा दाखला, माणूस तोच आहे हे दाखवायला फोटो आणि बोटांचे ठसे. सगळ्याचं भाषांतर, प्रत्येक पानावर शिक्का, मग फीत ओवून लाखेचं सील. ते गृह विभागामार्फत दिल्लीला, तिथून वकिलातीमार्फत त्या देशाला. आमची फाईल चारशे बारा पानांची झाली. दोन महिने मी तिच्यावर होतो. एकही खाडाखोड नव्हती.

आठ महिन्यांनी विनंती फेटाळून परत आली. सोबत अठरा पानांचा नकार आणि आश्रय देताना धरलेल्या पुराव्याची प्रत. त्या देशाचं म्हणणं असं, की या माणसाला त्याचा मेहुणा गोळी घालणार आहे, सगळे नातेवाईक कटात आहेत, आणि तसं लेखी पत्र उपलब्ध आहे. मी पुढचं पान उलटलं.

माझाच गोल शिक्का. माझीच सही. अकोल्याचा पत्ता.

मी उठून पाणी प्यायलो आणि परत येऊन तेच पान पाहिलं. शिक्का तोच होता.

त्याच्या पुढच्या पानावर मूळ पत्राचा रंगीत फोटो होता. मूळ कागद मी कधी पाहिलाच नव्हता, झेरॉक्स पाहिली होती आणि तिच्यात खालचे दोन कोपरे काळे आले होते. यंत्राची शाई पसरली असेल, असं मी धरून चाललो होतो. नकाराच्या आदेशात त्या कोपऱ्यांबद्दल एक वाक्य होतं: लालसर डाग, अर्जदाराच्या सांगण्याप्रमाणे रक्ताचे. पण फोटोत लाल डागाला लागून पिवळा डागही होता. दोन्ही कोपऱ्यांवर. बोटाने ओढलेला.

हळद आणि कुंकू! लग्नाचं पत्र टाकताना चार कोपऱ्यांना लावतात ते. वरचे दोन कोपरे भास्करने फाडलेल्या भागासोबत गेले होते, खालचे दोन तसेच राहिले होते.

मग ते तीस शब्द मी पुन्हा वाचले, आणि मला एकट्याला बसल्या जागी मोठ्याने हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई घाबरून उठल्या. बार उडवणे! लग्नाचा बार! दिवाळी झाली की पोरीचं लग्न करून टाकतो. भास्कर असला तर त्याच्यासमोर, नसला तर त्याच्या गैरहजेरीत. 'तुमी मांगं उभे राहा', म्हणजे नवरीच्या मागे मामा उभा राहतो तसे. म्हणजे पत्र पोरीच्या दुसऱ्या कुठल्या मामाला असणार. आणि पोरीचं लग्न झालं की बाप मोकळा, हे कोणत्या बापाला सांगायला हवं?

हसू ओसरल्यावर मी पुन्हा शिक्क्याच्या पानावर आलो. माझ्या शिक्क्यावर एक माणूस परदेशात सुखाने राहत होता आणि दुसरा इथे खुनाच्या तयारीतला ठरला होता.

घरी सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. ऐकून ती लाटणं हातात धरून थांबली.

"शब्द किती म्हन्ले?"

"तीस."

"चुकले किती?"

"एकही नाही."

"अन् अख्खं लग्न चुकलं," ती म्हणाली. "उद्या सायबाले जाऊन सांगा. जेवून घ्या आधी."

दुसऱ्या दिवशी मी जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी कबुली दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. "हे तुम्ही नोकरीत लागण्याआधीचं आहे. तुम्ही गप्प बसला असता तर कोणाला कळलं नसतं."

"मला कळलं आहे, साहेब."

"मग आता तुम्हीच निस्तरा," ते म्हणाले, आणि ठाणेदारांसोबत मला मारोतरावांचा जबाब घ्यायला पाठवलं.

मारोतराव शेवंतीच्या वाफ्यात होते. पोलिसांची जीप पाहून त्यांनी कंबर सरळ केली. "आले! साहेब, हे सातव्यांदा हाय. परदेशातून कागद आला का जीप येते. बंदूक नाई माह्याजवळ. फवारनीचा पंप हाय, त्याचंई नोजल तुंबून राहिलं. पाह्यजे तं घेऊन जा."

त्यांची बायको, वच्छलाबाई, बांधावर फुलांची टोपली भरत होत्या. भास्करची सख्खी बहीण. त्या उठल्या नाहीत. "सातदा विचारलं," त्या म्हणाल्या. "माह्या भावानं वावर खाल्लं थे खाल्लं. पन माह्या नवऱ्याले खुनी ठरवलं. मी बजारात फुलं घेऊन बसली का बाया म्हन्तेत, हे त्या बंदूकवाल्याची. माह्या भावाले आना साहेब. माह्या समोर उभं करा, अन् याच्या तोंडाकडं पाहून बोल म्हना त्याले."

मी पत्राचा फोटो पुढे केला. मारोतरावांनी चष्मा लावून वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे तं आमच्या सुनंदाच्या लग्नाचं! माह्या दुसऱ्या साळ्याले, नामदेवले, अकोल्याले टाकलं होतं. भास्कर तवा जामिनावर त्याइच्याच घरी राहे. वरचं कुठं गेलं? वर तारीख लिवली होती, पाव्हन्याचं नाव होतं."

"भास्करने फाडलं असणार," ठाणेदार म्हणाले. "तुम्ही गोळी घालणार, असा अर्थ लावला त्या पत्राचा."

"कोनत्या गाढवानं लावला?"

ठाणेदारांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. मीच म्हणालो, "मी लावला, मारोतराव. इंग्रजी माझं आहे."

मारोतरावांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"गाव कोनतं तुमचं?"

"मूर्तिजापूर."

"म्हंजे इकडलेच," ते म्हणाले. "मंग तुमाले तं समजाले पाह्यजे होतं."

मला आयुष्यात मेमो मिळाले आहेत. पण एवढं लागलेलं वाक्य दुसरं नाही. मी मान खाली घातली. तेवढ्यात बांधावरून वच्छलाबाईंच्या हसण्याचा आवाज आला. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या, थांबत नव्हत्या. "अवो, तुमी बार उडवून राहिले होते! तुमी! ज्याच्यानं दिवाळीचा सुतळी बाम लागत नाई, कानात बोटं घालून घरात पयते!"

मारोतराव आधी चिडले, मग हसले, मग ठाणेदार हसले. शेवटी मलाही हसावं लागलं. जबाबासोबत त्यांनी सुनंदाच्या लग्नाची पत्रिका दिली. तारीख दिवाळीनंतर बाराव्या दिवसाची होती. फोटोही दिला. नवरीच्या मागे एकच मामा उभा होता, नामदेव. दुसऱ्या मामाची जागा रिकामी ठेवलेली दिसत होती.

आता परदेशातल्या न्यायाधीशांना पटवायचं होतं. एका माणसाने आधी एक लिहिलं आणि आता तोच दुसरं म्हणतो, हे कोण मानेल? म्हणून मी ठरवलं, वापराचे नमुने गोळा करायचे. कोर्टात निरोप फिरला, की लग्नाची जुनी पत्रं आणा, 'बार उडवला' असं लिहिलेली आणि कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेली. पुढचे दहा दिवस माझं टेबल म्हणजे लग्नघर झालं. बेलिफाने सासऱ्यांचं पत्र आणलं. टंकलेखक बाईंनी आईच्या ट्रंकेतून तीन आणली. एका ज्येष्ठ वकिलांनी स्वतःच्याच लग्नाचं दिलं, त्यात त्यांच्या वडिलांनी लिहिलं होतं, 'पोरगा ऐकत नाही, तरी यंदा बार उडवणारच.' ते बार रूममध्ये मोठ्याने वाचलं गेलं आणि वकीलसाहेब दोन दिवस तिकडे फिरकले नाहीत. मला तपासून एकतीस पत्रं योग्य वाटली. दोन मी बाद केली, कारण त्यांच्यात बार खरोखर बंदुकीचा होता.

फेरविचाराचा अर्ज दिल्लीमार्फत गेला आणि त्याची सुनावणी व्हिडिओवर झाली. आमच्याकडे दुपार, त्यांच्याकडे सकाळ. न्यायाधीश एक वयस्क बाई होत्या. भास्करच्या वकिलांनी मला थेट विचारलं, "तुम्ही तेव्हा खोटं प्रमाणपत्र दिलं, की आज खोटं बोलताय?"

"दोन्ही नाही," मी म्हणालो. "तेव्हा तीसही शब्द बरोबर होते आणि पत्र चुकलं. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. ती चूक माझी आहे."

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे लग्नात बंदुका उडवतात का?"

"पूर्वी कुठे कुठे उडवत असतील, बाईसाहेब. आता बंदूक गेली, शब्द राहिला. आता फटाके उडवतात, आणि साक्षीदार मारोतराव त्यांनाही घाबरतात, असं त्यांच्या पत्नीने सांगितलं आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि हे डाग?"

मी एकतीस पत्रं एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरली. प्रत्येकाचा कोपरा लाल आणि पिवळा. "रक्त असेल तर लाल दिसेल. पण रक्तासोबत कोणी हळद लावत नाही."

सव्विसाव्या पत्राला त्या म्हणाल्या, "पुरे." पण मी उरलेली पाचही दाखवली, कारण यादीत एकतीस लिहिली होती.

सात महिन्यांनी भास्करचा आश्रय रद्द झाला आणि प्रत्यार्पणाला परवानगी मिळाली. अट एकच होती: परत आणल्यावर पहिल्याच दिवशी कोर्टाने त्याला विचारायचं, की इथे कोणापासून जीवाला धोका आहे का, आणि त्याचं उत्तर भाषांतर करून कळवायचं.

त्या दिवशी कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. फसवल्या गेलेल्या अकरांपैकी नऊ जण आले होते. दोघे वारले होते, त्यांची मुलं आली होती. मारोतराव इस्त्रीचं धोतर नेसून दुसऱ्या बाकावर बसले होते, शेजारी वच्छलाबाई. पोलिसांनी भास्करला आणलं. केस पांढरे झाले होते, अंगात परदेशी जाकीट होतं. त्याने बहिणीकडे पाहिलं आणि नजर खाली नेली.

न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्हाला इथे कोणापासून जीवाला धोका आहे का?"

भास्करच्या वकिलांनी काहीतरी कुजबुजलं. त्याने मान वर केली, मारोतरावांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं, आणि इतक्या वर्षांत जी बोली तो कोणाशी बोलला नसेल तिच्यात म्हणाला, "नाई, साहेब. हे माहे भाऊजी हायेत. यायनं कधी मुंगी नाई मारली."

"आता सांगून राहिला!" मारोतराव बाकावरूनच ओरडले.

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला, पण त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला. मग त्यांनी मला विचारलं, "भाषांतरकार, हेही पाठवायचं. घेतलंत का?"

"घेतलं, साहेब."

"अर्थ नीट विचारून घ्या."

भास्करला तुरुंगाकडे नेल्यावर मी कागद घेऊन दुसऱ्या बाकापाशी गेलो. "मारोतराव, 'आता सांगून राहिला' म्हणजे काय लिहू?"

मारोतरावांनी विचार केला. कोणी त्यांना त्यांच्या बोलण्याचा अर्थ पहिल्यांदाच विचारत असावं. "लिवा, उशीर केला, पन खरं बोलला."

"नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसतही होत्या. "लिवा, जेलात का होईना, आमचा मानूस आपल्या मुलखात आला."

मी दोन्ही लिहिलं. एक मजकुरात, एक तळटीपेत. खाली शिक्का मारण्याआधी दोन्ही त्यांना मराठीत वाचून दाखवलं, आणि दोघांनी माना हलवल्यावरच सही केली.